मांजराची शू आणि मुलतानी माती

(हा भाग जसा बोललो तसाच उतरवला आहे. ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडणार, आणि ते साहजिकच आहे, कारण विषय नाकाशीच संबंधित आहे. मांजर ठरलेल्या जागी शू करत नाही, भलतीकडेच करते. या एका तक्रारीचा इतिहास आज सांगणार आहे. हसू नका, इतिहास आहे आणि चांगला सहाशे वर्षांचा आहे.

साल साधारण १४२०. गाव डेव्हेंटर, आजच्या नेदरलँड्समध्ये, आयसेल नदीच्या काठावर. छापखाना अजून यायचाय, त्यामुळे पुस्तकं हाताने उतरवून घेतली जातात. असाच एक लेखनिक एका हस्तलिखितावर काम करत होता. एका रात्री पान उघडं ठेवून तो झोपायला गेला. सकाळी येऊन बघतो तर पानावर मांजर मुतून गेलेलं. आता हे पान फाडून फेकायचं म्हणजे केवढी मेहनत वाया! मग त्याने काय केलं, तर खराब झालेला भाग तसाच मोकळा सोडला, तिथे मांजराचं एक चित्र काढलं आणि शेजारी लॅटिनमध्ये त्या मांजराला शाप दिला. ते पान अजून आहे. कोलोन शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागाराच्या संग्रहातलं ते हस्तलिखित, आणि इंटरनेटवर त्याचा फोटो सगळीकडे फिरत असतो. लोक हसतात आणि पुढे जातात.

मला मात्र त्या शापापेक्षा त्याच्या पुढची ओळ जास्त आवडते. शाप देऊन झाल्यावर हा गृहस्थ पुढच्या लोकांना सूचना देतो की बाबांनो, जिथे मांजरं येऊ शकतात तिथे रात्री पुस्तकं उघडी टाकू नका. आधी राग, मग अक्कल. मांजर बदलायचं नाही, मांडणी बदलायची. या विषयावर नंतर जगाने जेवढं डोकं खाजवलं, त्यातलं बरंचसं त्या एका ओळीत आलेलं होतं. आणि मांजर तिथे का होतं, हेही लक्षात घ्या. उंदीर पुस्तकं कुरतडतात म्हणून पुस्तकांच्या राखणीला मांजर लागायचंच. राखणदारानेच घाण केली, एवढाच काय तो प्रकार.

आता थोडं मागे जाऊ. मागे म्हणजे बरंच मागे.

२००७ साली जगभरच्या पाळीव आणि रानटी मांजरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली सगळी घरगुती मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली, असा त्याचा निष्कर्ष. त्याआधी २००४ मध्ये सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडल्याचं जाहीर झालं होतं. माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं. सायप्रसवर मूळची मांजरं नव्हतीच, म्हणजे ते कोणीतरी होडीतून नेलेलं. साडेनऊ हजार वर्षांपूर्वी होडीत मांजर घेऊन जाणारा माणूस! त्या होडीत मांजराने शू कुठे केली असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

हे रानमांजर रखरखीत मुलखातलं. तिथे पाणी कमी, म्हणून त्याची मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात आणि लघवी अगदी दाट करून बाहेर टाकतात. शिकारीच्या मांसातून मिळेल तेवढ्या पाण्यावर त्याचं बऱ्यापैकी भागतं. आपल्या सोफ्यावर लोळणाऱ्या मनीचं शरीर आजही त्याच हिशेबाने चालतं. वाटीभर पाणी समोर असलं तरी ती फारसं पीत नाही. त्यात मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते हवेत विघटित व्हायला लागलं की गंधक असलेली संयुगं तयार होतात. तो जो ओळखीचा, पडद्यातून, गादीतून, चपलांच्या कपाटातून येणारा वास आहे ना, तो हा. नसबंदी न केलेल्या बोक्यात फेलिनीन कितीतरी जास्त असतं. त्याच्या दृष्टीने ती घाण नाहीच, ती पाटी आहे. ‘येथे अमुक राहतात.’

दुसरी गोष्ट म्हणजे माती. मांजराचं पिल्लू साधारण महिनाभराचं झालं की मऊ, सुट्या मातीत पाय घालून उकरायला लागतं. त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आपण म्हणतो ना, ‘आमच्या मांजराला मी लिटर बॉक्स शिकवला’, तर तसं काही नसतं हो. आपण फक्त त्याला हवी तशी माती दिलेली असते. शिकवलेली गोष्ट मांजर विसरलं असं म्हणता येईल. पण उपजत गोष्ट करायचं ते अचानक थांबवतं, तेव्हा मातीत, जागेत किंवा शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडचं बघा. कोकणातलं घर असो की देशावरचा वाडा, मांजर घरातलं असलं तरी पूर्ण घरात कधी नव्हतं. दूध प्यायला माजघरात, उंदरासाठी माळ्यावर, झोपायला चुलीच्या उबेला आणि बाकी कारभार परसात. सगळीकडे माती, काय कमी होती? फार तर चुलीतल्या थंड राखेत कधी सापडायचं, मग आजीचा आरडाओरडा. मांजराची शू ही ‘समस्या’ व्हायला आधी मांजर चार भिंतींत कोंडलं जावं लागतं. युरोप-अमेरिकेतही तेच होतं. मांजराला दार उघडून बाहेर सोडायचं. शहरात, थंडीत कोणी एखाद्या खोक्यात वाळू, राख नाहीतर फाडलेले वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे. वास यायचा आणि तो सहन करायचा, नाहीतर मांजर घरात ठेवायचंच नाही.

आणि मग येतो जानेवारी १९४७.

अमेरिकेतलं मिशिगन राज्य, कॅसोपोलिस नावाचं छोटं गाव. एड लोव नावाचा २६-२७ वर्षांचा तरुण नौदलातून परत येऊन वडिलांच्या धंद्यात लागलेला. धंदा काय, तर कारखान्यांच्या फरशीवर सांडलेलं तेल-ग्रीस टिपून घेणारा माल विकायचा. लाकडाचा भुसा, वाळू, आणि भट्टीत वाळवून दाणेदार केलेली एक माती. मिशिगनच्या जानेवारीत सगळं गोठलेलं. के ड्रेपर नावाची त्याची शेजारीण आली. तिच्या मांजराच्या खोक्यासाठीची वाळू बाहेर गोठून दगड झाली होती, म्हणून तिने राख वापरली, आणि मांजराने काळे पाय घरभर उमटवले. थोडी वाळू मिळेल का, असं तिने विचारलं. लोवने तिला वाळूऐवजी ती दाणेदार माती दिली. थोड्या दिवसांनी ती परत आली, तीच माती मागायला. पाय काळे होत नाहीत, वासही कमी.

ही माती कोणती? इंग्रजीत तिचं नाव फुलर्स अर्थ. आणि मंडळी, फुलर्स अर्थला आपल्याकडे काय म्हणतात? मुलतानी माती! तीच, जी वाटीत गुलाबपाण्यात कालवून आपल्या ताई-माई-अक्का तोंडाला लावतात. चेहऱ्यावरचं तेल शोषून घेते तशीच ती कारखान्यातलं ग्रीस शोषते आणि तशीच मांजराची शू.

इथे एक आडवाट घेतो, राहवत नाही. ‘फुलर’ म्हणजे लोकरीचं कापड धुऊन, तुडवून घट्ट करणारा कारागीर. लोकरीतलं तेल काढायला ते ही माती वापरायचे, म्हणून फुलर्स अर्थ. आणि प्राचीन रोममध्ये हेच कारागीर कापड धुवायला मातीबरोबर आणखी काय वापरायचे, माहितीये? लघवी. शिळी लघवी, अमोनियासाठी. तिला एवढी मागणी होती की सम्राट व्हेस्पेशियनने लघवीवर कर बसवला. म्हणजे या मातीची आणि या द्रव्याची गाठ दोन हजार वर्षांपासूनची. एड लोवने फक्त मांजर मध्ये आणलं.

पण धंदा सोपा नव्हता. त्याने दहा खाकी पिशव्या घेतल्या, प्रत्येकीत पाच पौंड माती भरली, वर हाताने ‘किटी लिटर’ लिहिलं आणि दुकानात नेल्या. किंमत ६५ सेंट. दुकानदार म्हणाला, वाळू जवळजवळ फुकट मिळते, मातीला एवढे पैसे कोण देणार? लोव म्हणाला, मग फुकट वाटा. फुकट नेलेले लोक पैसे घेऊन परत आले. पुढची काही वर्षं हा माणूस गाडीत पिशव्या टाकून दुकानोदुकानी फिरला. मांजरांच्या प्रदर्शनात जाऊन शेकडो मांजरांची खोकी साफ करून द्यायचा आणि त्या बदल्यात आपला माल मांडायला जागा मिळवायचा. धंदा कसा उभा राहतो याची भाषणं खूप ऐकतो आपण, पण परक्या मांजरांची शी उचलायची तयारी असणं ही गोष्ट त्यांत कोणी सांगत नाही. १९६४ मध्ये त्याने किराणा दुकानांसाठी ‘टायडी कॅट’ काढलं. १९९० मध्ये धंदा विकला, सुमारे २० कोटी डॉलरला. १९९५ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी तो वारला.

पुढे १९८० च्या दशकात थॉमस नेल्सन नावाच्या जीवरसायनतज्ज्ञाने बेन्टोनाइट माती वापरली. ती ओली झाली की फुगून तिचा गोळा होतो. गोळा उचलायचा, बाकीची माती तशीच. आज आपण जे ‘क्लम्पिंग लिटर’ आणतो ते बहुतेक हेच. या बेन्टोनाइटचे मोठे साठे आपल्या शेजारी कच्छमध्ये आहेत, आणि तिथून मांजरांसाठीची माती परदेशातही जाते. पुण्यातल्या दुकानात परदेशी नावाची चकचकीत पिशवी दिसली की मला उगाच हसू येतं.

तर, मातीने मांजर घरात आणलं. पूर्ण घरात, चोवीस तास, सातव्या मजल्यावर. आणि आता पहिल्यांदाच हा प्रश्न जिवावरचा झाला. होय, जिवावरचा. अमेरिकेत १९९० च्या दशकात बारा निवारागृहांमध्ये मोठी पाहणी झाली, की लोक आपली जनावरं तिथे का आणून सोडतात. मांजरांच्या वागणुकीबद्दलच्या कारणांत सगळ्यात वर होतं घरात घाण करणं. आणि त्या काळात तिथल्या निवारागृहांत सोडलेल्या मांजरांपैकी बहुतेकांचं काय व्हायचं, हे वेगळं सांगायला नको. गादीवरच्या ओल्या डागाची शिक्षा मृत्यूची.

आपल्याकडे पद्धत वेगळी. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं जुनी माणसं सांगतात. त्यामुळे मारायचं नाही, पोत्यात घालायचं आणि मासळीबाजारात सोडून यायचं. ‘तिथे खायला मिळतं हो भरपूर.’ दोन महिन्यांपूर्वी ठाण्याहून एका श्रोत्या ताईंची मेल आली होती. तीन वर्षांची मांजर, घराला रंग काढल्यापासून सासऱ्यांच्या गादीवर शू करते. पेटीत शी करते, पण शू गादीवर. घरात मत पडलंय की सोडून या. ‘ती मुद्दाम करते का?’ असं त्यांनी विचारलं होतं. हा भाग त्या एका प्रश्नामुळे केला, खरं सांगायचं तर.

मुद्दाम करते का? या प्रश्नाचाही इतिहास आहे.

डेव्हेंटरच्या लेखनिकापासून परवापरवापर्यंत उत्तर एकच होतं. करते, खोडी आहे, सूड आहे. मग १९७० च्या आसपास पशुवैद्यांनी याला आजाराचं नाव दिलं. वारंवार थोडी थोडी शू, रक्त, भलतीकडे शू, हे सगळं एका मोठ्या नावाखाली टाकलं आणि कारण शोधायला निघाले. आधी संशय कोरड्या खाण्यातल्या राखेवर. राख म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं. पुढे कळलं की सगळ्या राखेचा दोष नाही, मॅग्नेशियम आणि कमी आम्लाची लघवी यांचा आहे, त्यातून स्ट्रुवाइटचे खडे होतात. मग खाण्याच्या कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना केली. स्ट्रुवाइटचे खडे खरंच कमी झाले. आणि दुसऱ्या प्रकारचे, कॅल्शियम ऑक्झलेटचे, वाढले. घ्या! एक भोक बुजवलं तर दुसरीकडून गळती.

पण खरी अडचण पुढेच होती. तपासलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त मांजरांत खडेही नव्हते आणि जंतूही नव्हते. तरुण मांजरात तर जंतुसंसर्ग अगदीच थोड्यांना असतो. तरी मूत्राशयाला सूज, वेदना, रक्त. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्याने या मांजरांवर आयुष्य घालवलं. लोकांनी ‘हिचं काही होत नाही, इंजेक्शन द्या’ म्हणून सोडलेली मांजरं त्यांनी ठेवून घेतली. त्यांना दिसलं असं की पिंजरा मोठा दिला, लपायला जागा दिली, खाणं ठरलेल्या वेळी, रोज तोच माणूस आणि थोडा खेळ मिळाला की यातली बरीच मांजरं औषधाशिवाय सुधारतात.

याची उलट बाजू त्यांच्या गटाने २०११ मध्ये मांडली. १२ निरोगी आणि २० आजारी मांजरं, ७७ आठवडे रोजची नोंद. ज्या आठवड्यात काहीतरी विस्कटायचं, म्हणजे सांभाळणारा माणूस बदलला, खाण्याची वेळ चुकली, त्या आठवड्यात मांजरं कमी खायची, चोवीस तास शी-शू धरून ठेवायची, पेटीबाहेर शी करायची. आणि नीट ऐका, फक्त आजारी नाही, निरोगी मांजरंसुद्धा. बफिंग्टन यांनी या आजाराला ‘पँडोरा सिंड्रोम’ असं नाव सुचवलं, ग्रीक कथेतल्या त्या पेटीवरून. कारण बघायला जावं मूत्राशय आणि बाहेर येतं पोट, कातडी, मेंदू, भीती, सगळंच.

म्हणून ठाण्याच्या ताईंना मी कळवलं की रंगाचा वास, हललेलं सामान, घरात परके कामगार, हे सगळं त्या मांजरीच्या दृष्टीने भूकंपासारखं आहे. सूड घ्यायला आधी ‘यांना त्रास व्हावा’ असा विचार करावा लागतो. तिला स्वतःलाच त्रास होतोय. पेटीत शू करताना दुखलं असेल तर मांजर दुखण्याचा दोष पेटीला देतं आणि मऊ जागा शोधतं. गादीपेक्षा मऊ काय असतं घरात? मुलतानी मातीचा फेसपॅक लावल्यावर तोंडाची आग झाली, तर आपणही ती वाटी पुन्हा हातात घेत नाही.

बोक्याचं उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारणं ही वेगळी गोष्ट, तिची गल्लत करू नका. १९७३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नसबंदीनंतर दहापैकी जवळपास नऊ बोक्यांचं फवारणं बंद किंवा कमी झालं. तो प्रश्न तेवढ्यात बऱ्यापैकी सुटतो.

राहिली पेटी. आपल्या माणसांची एक खोड आहे, पेटी आपल्या नाकाला आवडेल अशी घ्यायची. झाकणवाली, सुगंधी, लॅव्हेंडरच्या वासाची माती, आणि ठेवायची कुठे, तर वॉशिंग मशीनच्या शेजारी. ते रानमांजर वाळवंटात लॅव्हेंडर शोधत नव्हतं. बारीक दाण्याची, बिनवासाची, गोळा होणारी माती बहुतेकांना आवडते. पेटी मोठी आणि उघडी हवी, आणि जेवढी मांजरं त्याहून एक पेटी जास्त. माझ्याकडे दोन मांजरं आणि तीन पेट्या आहेत. बायको म्हणते घरात माणसांना बाथरूम एक आणि यांना तीन. बरोबरच आहे तिचं, पण गाद्या कोरड्या आहेत.

एक गोष्ट खास आपल्या घरांसाठी. डागावर फिनेल ओतू नका. फिनेलमधली फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. अमोनिया असलेलं काहीही नको, त्याला शूचाच वास येतो. विकर असलेलं क्लीनर मिळतं, ते वापरा. आणि नाक धरून डागावर घासणं, ओरडणं, फटका मारणं, हे करून मांजर एवढंच शिकतं की तुम्ही असताना शू करायची नाही. मग ती कपाटामागे सापडते.

ठाण्याच्या मांजरीला डॉक्टरकडे नेलं. लघवी तपासली, खडे नाहीत, जंतू नाहीत. तिची पेटी बाल्कनीतून काढून शांत खोलीत ठेवली, दुसरी एक आणली, ओलं खाणं सुरू केलं. सासऱ्यांच्या खोलीचं दार महिनाभर बंद. परवा मेल आली की अजून अधूनमधून होतं, पण पोतं अडगळीत गेलंय.

आणि शेवटचं, हे फक्त बोका पाळणाऱ्यांसाठी. बोक्याचा मूत्रमार्ग अगदी अरुंद असतो. तुमचा बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन बसत असेल, जोर करत असेल, ओरडत असेल आणि माती कोरडीच असेल, तर त्याला बद्धकोष्ठ झालंय असं समजून एरंडेल पाजत बसू नका. मार्ग तुंबलेला असू शकतो. रक्तात पोटॅशियम चढतं, आणि दोन-तीन दिवसांत बोका जातो. सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीचा दवाखाना शोधा. हा भाग ऐकताना तसं काही समोर दिसत असेल तर इथेच बंद करा आणि निघा.